सुतकाचे दिवस कमी होताना

सुतक हा शब्द मुळात मरणाचा नव्हे. संस्कृतात सूतक म्हणजे बाळाच्या जन्मामुळे येणारं अशौच. मराठीत तो मरणाकडे सरकला आणि जन्मासाठी ‘सोयर’ उरलं, मालवणीत ‘सुयेर’. वाडीच्या बैठकीत ‘सुतक किती दिवस पाळायचं’ असा विषय निघाला की एकाच्या डोक्यात विटाळ असतो, दुसऱ्याच्या मनात शोक, आणि दोघे एकच शब्द धरून तासभर भांडतात. मला तिसरा अर्थ जवळचा वाटतो. ‘त्याचं मला सोयरसुतक नाही’ म्हणजे त्याच्याशी माझं देणंघेणं नाही. ज्याचं सुतक लागतं, तो आपला.

मरण म्हणजे काय, हे कोकणातल्या पोरांना कुणी समोर बसवून सांगितलं नाही. ते या दिवसांत आपोआप कळायचं. घरची चूल थंड, शेजारून पेज यायची. रात्री दिव्याजवळ पसरलेल्या पिठावर कुणाचं पाऊल उमटलं, ते पाहायला पोरं सकाळी ओणवी व्हायची. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की मोठी माणसं हात जोडून मोठ्याने म्हणायची, ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नको.’ गेलेल्याचं काय राहून गेलं, ते तिथे उभ्या पोरालाही समजायचं.

मुंबईतल्या नोकरीने या दिवसांना कात्री लावली. तार मिळून चाकरमानी एसटीने गावी पोचेपर्यंत अग्नी दिलेला असायचा; त्याच्या वाट्याला दिवसच यायचे, तेही रजेच्या हिशेबाने. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. गाव एका रात्रीवर आलं, मुक्काम मात्र वाढला नाही.

दहा दिवसांऐवजी तीन किंवा पाच दिवसांत उरकावं का, हा वाद चतुर्थी जवळ आली की पेटतो, कारण भावकीत सुतक असलं की घरी गणपती बसत नाही. रायगडात अशी काही घरं मग साखरचौथीला, म्हणजे भाद्रपदातल्याच वद्य चतुर्थीला, मूर्ती आणतात. विटाळ सोडायला माझी हरकत नाही. पण गेलेल्याच्या घरी जाऊन बसणं त्यासोबत सुटतंय, ते मला सलतं. २०२० च्या साथीत अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा आली आणि कित्येकांनी मुंबईच्या खोलीत फोन कानाला लावून आईबापांचं सुतक काढलं.

बायकांचं शिकणं वेगळंच होतं. दहाव्याला पुरुष नदीवर अंघोळ करून परतले की त्यांचं सुतक फिटायचं. जिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तिचं फिटत नसे. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या एका ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून राज्यातल्या बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं.