बंदुकीची उपलब्धता व पोलीस गोळीबार (कोकण)

लोकांच्या हाती असलेली अग्निशस्त्रे आणि पोलिसांनी माणसांवर झाडलेल्या गोळ्या यांचा परस्परसंबंध. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः अमेरिकेत झाला. ज्या राज्यांत घरोघरी बंदुका अधिक, तेथे पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांचे प्रमाणही अधिक, असे अमेरिकी संशोधक डेव्हिड हेमेनवे व सहकाऱ्यांनी २०१९ च्या सुमारास दाखवले. समोरच्याकडे बंदूक असेल या धास्तीने पोलीस लवकर चाप ओढतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. कोकणाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे खेडोपाडी परवान्याची बंदूक आढळते, पण ती वेगळ्या जातीची आहे. आणि पोलिसांची गोळी जेथे चालली, तेथे ही बंदूक बहुधा नव्हतीच.

ही बंदूक म्हणजे ठासणीची, नळीच्या तोंडातून भरायची. कोकणात बंदूक पोर्तुगीजांनी आणली, असे सर्रास लिहिले जाते. गोवा १५१० मध्ये जिंकल्यावर तेथील कारागिरांच्या कामाची वाखाणणी पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द अल्बुकर्कने आपल्या राजाकडे केली होती. ती बहुधा १५१३ च्या सुमाराची. इतक्या थोड्या अवधीत परकी कसब मुरणे कठीण. तेव्हा आदिलशाही अमलात तुर्की धाटणीचे काम किनाऱ्यावर आधीपासून होत असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची बंदूक जाऊन टोपीची, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीची, केव्हा रूढ झाली, याबद्दलही एकवाक्यता नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवले जाते.

नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, वर चिंधीचा, कागदाचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा. प्रत्येक थर गजाने ठासायचा आणि शेवटी मागे टोपी बसवायची. बार एकच. पुढच्या बारासाठी हा सगळा खटाटोप नव्याने. आषाढ-श्रावणात दारू सर्दावते आणि घोडा पडूनही बार उडत नाही. असे हत्यार भाताच्या खाचरात उतरलेल्या रानडुकरासाठी पुरेसे आहे. पोलिसांशी झुंजायला ते जवळपास निरुपयोगी.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा झाला. १९५९ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी मागितलेल्या ठासणीच्या बंदुकीला इतर अग्निशस्त्रांहून सवलतीची वागणूक आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाल्याने, परवाना खिशात असूनही डुकरावर बार टाकायला वेगळी परवानगी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. विधानसभेच्या २००९, २०१४ व २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरात, म्हणजे ऐन भातकापणीत आल्या. शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. सरसकट जमा न करता प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार छाननी समितीने करावा, हा दंडक न्यायालयीन निर्णयातून पुढे आला.

पोलीस गोळीबाराचा कोकणातील इतिहास वेगळ्याच वाटेने जातो. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार होऊन आठ जण हुतात्मा झाले; मामलेदारही त्यात मारले गेले. त्याच तालुक्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळीने गेले. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातील आंदोलनात १८ एप्रिल २०११ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील नाटे येथे एक मच्छीमार पोलिसांच्या गोळीने ठार झाला. या घटनांच्या वर्णनांत कोयते, काठ्या, दगड येतात. ठासणीची बंदूक येत नाही. संघर्षाचे कारण जंगल, जमीन आणि समुद्र यांवरील हक्क हे होते. गावातल्या बंदुका मोजून या मृत्यूंचा उलगडा होत नाही, आणि तसा प्रयत्न करणे मेलेल्यांवर अन्याय आहे.

मुंबईत मात्र शस्त्राची उपलब्धता व पोलिसांची गोळी यांचा संबंध जवळचा दिसतो. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळीने मारला गेला. ही शहरातील पहिली चकमक असे सांगतात, पण हे पहिलेपण वादग्रस्त आहे. टोळ्यांकडील पिस्तुले बेकायदा होती, तसेच १९९३ च्या आरंभी रायगड किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे चोरून उतरवलेला शस्त्रे-स्फोटकांचा साठाही. परवान्याच्या नोंदवहीत यातले काहीच नव्हते. समोरच्याने आधी गोळी झाडली, हे चकमकीतले नेहमीचे पोलिसी कथन तपासून पाहावे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी महाराष्ट्रातील प्रकरणातच सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. त्यांनुसार मृत्यूचा तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा असतो आणि दंडाधिकारी चौकशी अनिवार्य असते.

ठासणीच्या बंदुकीने माणसे मरतात ती बहुधा रात्रीच्या चोरट्या शिकारीत, जनावर समजून सोबत्यावरच बार झाल्याने. अशा प्रकरणी पोलीस पंचनाम्यापुरते येतात.