लक्ष्मी विलास पॅलेससाठी अख्खी सकाळ का ठेवतो?

बडोदा सहलीचं बुकिंग करताना बहुतेक मंडळी विचारतात, "केवडियाहून परतताना संध्याकाळी पॅलेस उरकता येणार नाही का?" नाही येणार. केवडिया बडोद्यापासून नव्वदएक किलोमीटर. तिथला सरदार पटेलांचा पुतळा आणि प्रदर्शन बघून निघेपर्यंत दिवस कलतो, आणि बडोद्यात पोहोचावं तर पॅलेसची तिकीट खिडकी बंद. एक मुक्काम वाचवायला गेलेल्यांना फाटकाबाहेर फोटो काढून गाडीत बसावं लागतं. म्हणून आम्ही पॅलेस दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्याबरोबर घेतो. मुक्कामाचे पैसे वाढतात, पण ते वसूल होतात ते दरबार हॉलमध्येच.

एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. पायाखाली व्हेनिसच्या धर्तीची मोझाइक फरशी आहे. तिथे दोन मिनिटं खाली बघत उभं राहा, बारीक बारीक तुकडे जुळवून नक्षी कशी बसवली आहे ते दिसेल. खिडक्यांची रंगीत काच बघायला बाहेर चांगलं ऊन हवं, दिवेलागणीला तिच्यातली मजा जाते. वर कोरीव झरोके आहेत. राजघराण्यातल्या स्त्रिया तिथे बसून दरबार बघत. इटालियन शिल्पकार फेलिची यांचे पुतळेही चुकवू नका.

कोल्हापूरकरांना इथे ओळखीचं काही सापडेल. तिथल्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मेजर मँट यांनीच हा पॅलेस आखला. १८८१ मध्ये ते वारले, पुढचं काम चिझम यांनी केलं. १८७८ ला सुरू झालेली वास्तू १८९० मध्ये पुरी झाली. बांधून घेणारे सयाजीराव तिसरे हे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे.

रविवर्म्यांच्या चित्रांसाठी येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. पॅलेसच्या गादी हॉलमध्ये त्यांची काही चित्रं आहेत, पण मोठा संग्रह त्याच आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. इमारत वेगळी, तिकीटही वेगळं. पॅलेस झाला की बरेच जण बसकडे वळतात आणि ज्यासाठी आले तेच राहून जातं. आमच्या सहलीत दोन्ही तिकिटं धरलेली असतात, संग्रहालयाला वेगळा तास दिलेला असतो, आणि सोबतचा माणूस मराठीत समजावून सांगतो.

"सगळ्या खोल्या का नाही दाखवल्या?" असंही विचारतात. राजघराणं आजही तिथे राहतं, त्यामुळे ठरावीक दालनंच खुली असतात. आत फोटो काढायला मनाई आहे. कृपया रखवालदारांशी हुज्जत घालू नका, त्यात सगळ्या गटाचा वेळ जातो.

सोमवारी पॅलेस आणि केवडिया दोन्ही बंद. रविवारला जोडून सोमवारची रजा टाकण्याआधी आम्हाला विचारा. गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी सोबत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, म्हणजे त्यांच्या चालीने फिरायची सोय करता येईल.