थिएटरातली आग आणि १५ हजार पत्रकं

अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांवर वाद सुरू झाला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘गच्च भरलेल्या थिएटरात आग आग म्हणून ओरडता येत नाही.’ हे वाक्य १९१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातलं म्हणून सांगितलं जातं. निकालात ते असं नाही. तिथे ‘खोटीच’ आग लागल्याची ओरड करून घबराट माजवण्याबद्दल लिहिलंय. ‘गच्च भरलेल्या’ हे नंतर चिकटलं. ‘खोटीच’ गळालं तिथेच अर्थ फिरला. आग खरी असेल तर ओरडायलाच हवं!

शिवाय खटला थिएटरचा नव्हताच. पहिल्या महायुद्धात फिलाडेल्फियातल्या समाजवादी कार्यकर्त्यांनी सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध सुमारे १५ हजार पत्रकं छापून घेतली आणि भरतीला पात्र ठरलेल्या तरुणांना टपालाने पाठवायला सुरुवात केली. पत्रकाच्या एका बाजूला गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होती. धमक्यांना भिऊ नका, असं आवाहन होतं. पण सुचवलेला उपाय होता भरतीचा कायदा रद्द करण्यासाठी अर्ज करण्याचा. एवढ्यावरून १९१७च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली शिक्षा झाली आणि ती एकमताने कायम राहिली. स्वतःचं मत मांडणाऱ्या माणसांना खोटी ओरड करणाऱ्याच्या रांगेत बसवणं हा मला त्या निकालातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी १७९१ची पहिली घटनादुरुस्ती तोवर न्यायालयात फारशी बोललीच नव्हती. बोलणं कधी गुन्हा ठरतं, यासाठीची ‘स्पष्ट आणि समोर ठाकलेला धोका’ ही कसोटी याच निकालात आली. आठवड्याभरातच ओहायोतल्या एका भाषणासाठी समाजवादी नेत्याला झालेली १० वर्षांची शिक्षाही कायम झाली. त्याने १९२०ची अध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातूनच लढवली आणि ९ लाखांवर मतं मिळवली. त्याआधी, १९१९च्याच नोव्हेंबरात, थिएटरचा दाखला देणाऱ्या न्यायमूर्तींनी पत्रकांच्याच दुसऱ्या खटल्यात आरोपींच्या बाजूने भिन्नमत लिहिलं होतं.

आज चालते ती कसोटी १९६९ची. तीही ओहायोतलीच, वंशद्वेष्ट्या संघटनेच्या एका पुढाऱ्याच्या खटल्यातून आलेली: चिथावणी तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्यासाठी हवी आणि ते घडण्याची शक्यताही हवी. १९७३मध्ये इंडियानातल्या एका युद्धविरोधी निदर्शकाची शिक्षा यावरूनच रद्द झाली. रस्ता ‘नंतर’ ताब्यात घेऊ, असं तो म्हणाला होता. ‘नंतर’ म्हणजे ‘तात्काळ’ नव्हे.

१९१७चा कायदा मात्र अजून आहे. आता तो मुख्यतः सरकारी गुपितं फोडणाऱ्यांवर लावला जातो.