फोन धडधाकट, फक्त बॅटरी गेलीय

बाबांचा फोन साडेतीन वर्षांचा आहे, स्क्रीनवर चरा नाही, कॅमेरा मस्त, पण दुपारी दोन वाजले की बॅटरी १५ टक्क्यांवर. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर तो म्हणाला मागची काच गरम करून सोडवावी लागेल, फुटली तर जबाबदारी तुमची, त्यापेक्षा नवीनच घेऊन टाका ना! मला खरंच वाईट वाटलं. फोनमध्ये हमखास झिजणारी वस्तू म्हणजे बॅटरी, आणि नेमकी तीच गोंदाने चिकटवलेली.

ती झिजते का, तर चार्जिंग करताना लिथियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, बॅटरीच्या एका टोकाला असलेल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरला की तिथून निघून दुसऱ्या टोकाला जातात. नवीन बॅटरीच्या पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरते, ती लागतेच, तिच्याशिवाय बॅटरी टिकणार नाही, पण ती साय वर्षानुवर्षं जाड होत जाते आणि तिच्यात थोडंथोडं लिथियम कायमचं अडकून बसतं. तेवढी बॅटरी कमी झाली. उष्णतेत हे आणखी भराभर होतं, कायम १०० टक्के भरून ठेवली तरी होतं, म्हणून मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन चार्जिंगला लावू नका प्लीज.

पूर्वी नखाने झाकण उघडून बॅटरी बदलायचो. २००७ च्या पहिल्या आयफोनने ती आत बंद केली आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. कारण अगदीच खोटं नाही, सुटी बॅटरी हाताळायची तर तिला कडक कवच लागतं, त्यात जागा जाते, चिकटवलेली पातळ पिशवीसारखी ठेवता येते. पण पाणी आत जाईल म्हणून बंद केली असंही म्हणतात, ते मला पटत नाही. सॅमसंगच्या २०१४ च्या गॅलेक्सी एस५ चं झाकण हाताने निघायचं आणि तरी तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल असा होता, पुढच्याच वर्षी एस६ आला तो बंद. आणि गोंदच लावायचा तरी तो सुटेल असा लावता येतो, २०२४ च्या आयफोन १६ मधल्या बॅटरीचा गोंद थोडा विजेचा प्रवाह दिला की सुटतो.

युरोपात २० जून २०२५ पासून नवीन फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर (सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरण्याइतकं चार्जिंग आणि तेवढाच वापर) किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, आणि ती घरच्या घरी बदलता येत नसेल तर १००० सायकल, म्हणजे रोज एक धरली तर पावणेतीन वर्षं. शिवाय फोनसोबत लेबल येतं, त्यावर बॅटरी किती सायकल टिकेल हा आकडा असतो आणि दुरुस्ती किती सोपी हे ए ते ई अशा श्रेणीत लिहिलेलं असतं. ही माहिती एप्रेल नावाच्या युरोपियन डेटाबेसमध्ये कुणालाही फुकट बघता येते. बाबांसाठी पुढचा फोन बघताना मी मेगापिक्सेलच्या आधी तिथे मॉडेल नंबर टाकणार आहे, फक्त इथे विकतात तो मॉडेल नंबर तोच आहे ना हे बघून घ्यायचं.