टॉवरचे डोमकावळे: प्रथा खरी, वय फुगवलेलं

लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे ‘टॉवर ऑफ लंडन’ या जुन्या किल्ल्यात, कोहिनूर बघून बाहेर आलं की हिरवळीवर काळेकुळकुळीत डोमकावळे ठुमकत फिरताना दिसतात. हे गेले तर राज्य बुडेल, म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने सतराव्या शतकात सहा डोमकावळे कायम ठेवायचा हुकूम काढला, असं सांगतात. असा हुकूम कागदोपत्री सापडलेलाच नाही. टॉवरमधल्या डोमकावळ्यांचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा म्हणजे १८८३ सालचं एक चित्र. चार्ल्स जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षं झाली होती! दुसऱ्या महायुद्धात तर हे पक्षी संपलेच. १९४६ला टॉवर पुन्हा उघडण्याआधी नवे आणावे लागले. राज्य शाबूत राहिलं. (साम्राज्य गेलं, पण त्यात कावळ्यांचा दोष नाही.) आजची बडदास्त मात्र खरीखुरी: कच्चं मांस आणि वर रक्तात भिजवलेली बिस्किटं.