शील्ड पंट म्हणजे रग्बी पंट नव्हे

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना बघताना चौथ्या डाउनला एक दृश्य हमखास दिसतं. पुढच्या ओळीत सात जण, पण एकमेकांपासून सुटे सुटे. त्यांच्या सहा-सात यार्ड मागे तीन धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून उभे. त्यांच्याही मागे पंटर, म्हणजे किक मारणारा. चेंडू हातात येताच तो उजवीकडे पळत सुटतो आणि पळता पळताच किक मारतो. चेंडू फार उंच जात नाही, लवकर जमिनीवर पडतो आणि घरंगळत राहतो. याला कुणी शील्ड पंट म्हणतं, कुणी रग्बी पंट, आणि बरेच जण ही दोन नावं एकाच अर्थाने वापरतात. प्रत्यक्षात शील्ड ही उभं राहण्याची रचना आहे, तर रग्बी ही किक मारण्याची तऱ्हा. शील्ड लावून पंटर जागेवरून सरळ, उंच किक मारू शकतो, आणि शील्ड नसतानाही कुणी पळत किक मारू शकतो. तरीही कॉलेजमध्ये या दोघांची जोडी जमली, आणि ती का जमली हेच खरं समजून घेण्यासारखं आहे.

खेळाशी फारसा परिचय नसेल त्यांच्यासाठी एवढंच: संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की चौथ्याला बहुतेकदा चेंडू किक मारून प्रतिस्पर्ध्याला शक्य तितक्या मागे ढकलतात. तो पंट. पंट करणाऱ्या संघाला दोन धास्ती असतात. एक, किक अडवली जाईल. दुसरी, समोरचा रिटर्नर चेंडू झेलून परत पळत येईल. पहिलीसाठी माणसं मागे हवीत, दुसरीसाठी पुढे धावायला हवीत. पंटची प्रत्येक रचना ही या ओढाताणीतून काढलेली वाट असते.

व्यावसायिक एनएफएलमध्ये ही वाट नियमानेच अरुंद करून ठेवली आहे. १९७४ साली तिथे नियम आला की किक होईपर्यंत ओळीतल्या फक्त दोन टोकांच्या खेळाडूंनी पुढे धावायचं. ते दोघे म्हणजे गनर. बाकीच्यांनी किक होईपर्यंत थांबायचं. मग थांबायचंच आहे तर नीट अडवूनच थांबावं, म्हणून तिथली ओळ घट्ट असते आणि पंटरच्या पुढ्यात सहसा एकच रक्षक पुरतो.

कॉलेजमध्ये असं बंधन नाही. स्नॅप झाला, म्हणजे ओळीतल्या स्नॅपरने चेंडू मागे पंटरकडे फेकला, की ओळीतला कुणीही सुसाट धावू शकतो. शील्ड रचना या एका मोकळीकीतून उगवली. ओळीतले सात जण समोरच्याला क्षणभर धक्का देतात, त्याची वाट थोडी वाकडी करतात आणि निघतात. मग त्यांच्यातून सुटून आलेल्यांना अडवायचं कुणी? मागच्या तिघांनी.

हे तिघे मला या खेळीतले सगळ्यात मोलाचे गडी वाटतात, आणि समालोचनात त्यांची नावं क्वचितच ऐकू येतात. स्नॅप पंटरकडे चौदा-पंधरा यार्ड मागे जातो. स्नॅपपासून किकपर्यंत जेमतेम दोन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात या तिघांनी कबड्डीतल्या साखळीसारखं, पण हात न धरता, एकसंध राहायचं. मधल्याने एक पाऊलही मागे टाकलं तर चेंडू आपल्याच माणसाच्या पाठीवर आदळू शकतो. बाजूचा एखाद्याला अडवायला बाहेर झेपावला, तर मध्ये फट पडते आणि तिथून दुसरा आत घुसतो. म्हणून त्यांना शिकवतात ते असं: आत येणारी वाट आधी बंद करा, बाहेरून येणाऱ्याला लांबचा वळसा घ्यायला लावा. वळसा घेणारा पोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. आक्रमक संघही हे जाणून असतात. ते एकाच बाजूला माणसं वाढवतात किंवा शील्डच्या एकाच गड्यावर दोघे सोडतात.

ओळीत कोण उभं असतं हेही पाहण्यासारखं आहे. एरवी कॉलेजमध्ये आक्रमणाच्या ओळीत ५० ते ७९ क्रमांकाचे किमान पाच खेळाडू लागतात. पंटसारख्या किकच्या रचनेत ही अट सुटते. त्यामुळे दीडशे किलोच्या लाइनमनऐवजी लाइनबॅकर आणि सेफ्टी हे बचावफळीतले चपळ खेळाडू तिथे उभे करता येतात. धावून जाऊन रिटर्नरला पाडायचं तर अशीच माणसं हवीत.

आता रग्बी पंट. त्याचा संबंध दुसऱ्याच नियमाशी आहे. पंटर स्नॅपरच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच यार्डांच्या पट्ट्यात असेल आणि त्याला कुणी जोरात धडकलं, तर पंधरा यार्डांचा दंड आणि पंट करणाऱ्या संघाला नवा पहिला डाउन. चेंडू घेऊन तो या पट्ट्याबाहेर पळाला की हे खास संरक्षण संपतं. कारण उघड आहे: पळणारा पंटर किक मारेलच असं नाही, चेंडू घेऊन तसाच पुढेही जाईल. समोर मोकळं मैदान दिसलं तर पळायचं, नाहीतर मूळ रेषा, म्हणजे जिथून स्नॅप झाला ती, ओलांडण्याआधी किक मारायची. रेषेपुढे गेल्यावर किक मारता येत नाही. समोरच्या संघाला शेवटपर्यंत दोन्ही शक्यता धरून राहावं लागतं. रिटर्नरलाही किक कोणत्या कोपऱ्यात येईल ते उशिरा कळतं, आणि जमिनीवरून वेडावाकडा उसळत येणारा चेंडू फेअर कॅचचा (झेलेन, पण पळणार नाही असा) इशारा करून सुरक्षित झेलण्याची सोय उरत नाही.

जोडी जमते ती इथे. पळून किक मारायला एखादा सेकंद जास्त जातो. एनएफएलमध्ये हा जादा सेकंद फक्त दोन गनरच्या कामाचा, बाकीचे जागेवरच अडकलेले. कॉलेजमध्ये सातही जण स्नॅपपासून धावत असतात, आणि एका सेकंदात असा तरुण सात-आठ यार्ड सहज कापतो. म्हणजे किक कमी उंच गेली, हवेत कमी वेळ राहिली, तरी जो वेळ हवेत मिळायचा तो पंटरच्या पळण्यात आधीच मिळालेला असतो. माझ्या मते पंटरचं कौतुक करताना हे हटकून निसटतं: त्याची किक चालते, कारण पुढचे सात जण तोवर कुठच्या कुठे गेलेले असतात.

या मोकळीकीची किंमतही आहे. फसवा पंट करून पास टाकायचा असेल, तर ओळीतल्या पास झेलायला अपात्र खेळाडूंना तीन यार्डांपलीकडे जाता येत नाही. एरवी सुसाट निघणारे आज रेंगाळताहेत, हे चाणाक्ष बचावपटूच्या लगेच लक्षात येतं. म्हणून पळणाऱ्या पंटरकडून धोका असतो तो पासपेक्षा धावण्याचा.

लांबचा स्नॅप फसला, तर मात्र कुठल्याच रचनेचा इलाज चालत नाही. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी मिशिगन संघ मिशिगन स्टेटविरुद्ध २३-२१ असा पुढे होता, दहा सेकंद उरले होते, फक्त पंट करायचा होता. पंटर ब्लेक ओनीलच्या हातून स्नॅप निसटला, चेंडू जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हाती लागला आणि सामना २७-२३ असा फिरला.

ओनील ऑस्ट्रेलियाचा. पळत किक मारणारे बरेच पंटर तिथलेच, आणि ते ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळून आलेले असतात. त्या खेळात पळता पळता किक मारणं हे रोजचं काम. मेलबर्नमध्ये नेथन चॅपमन यांची प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही संस्था अशा मुलांना अमेरिकी कॉलेजांसाठी तयार करते. सर्वोत्तम कॉलेज पंटरचा रे गाय पुरस्कार २०१४ आणि २०१५ मध्ये यूटाच्या टॉम हॅकेटला, २०१६ मध्ये यूटाच्याच मिच विश्नोव्स्कीला आणि २०१७ मध्ये टेक्ससच्या मायकल डिक्सनला मिळाला. चारही वर्षं ऑस्ट्रेलियन.

डिक्सन पुढे एनएफएलमधल्या सिॲटल सीहॉक्सकडे गेला. तिथे त्याचं नेहमीचं काम म्हणजे जागेवरून उंच, लांब किक, कारण त्याच्या पुढच्या ओळीला आता किक होईपर्यंत थांबावं लागतं. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध त्याची किक अडवली गेली. चेंडू मागेच पडला होता. त्याने तो उचलला, उजवीकडे पळाला आणि रेषेआधीच पळता पळता पुन्हा किक मारली. चेंडू ६८ यार्ड जाऊन रॅम्सच्या ११ यार्ड रेषेवर थांबला.