समिती आहे म्हणजे वनहक्क मिळाला असं नाही

रामटेक, पारशिवनीकडच्या गावात विचारलं, "सामूहिक वनहक्क आहे का?" की उत्तर येतं, "आहे ना जी, आमची समिती आहे." मग कपाटातून रजिस्टर निघतं. त्यावर लिहिलेलं असतं 'संयुक्त वन व्यवस्थापन समिती'. नागपुरात वनखात्याचं राज्याचं मुख्यालय आहे, तरी शिकलेली माणसंही हा घोळ घालतात तेव्हा डोकं उठतं.

संयुक्त वन व्यवस्थापन सगळ्यांना पाठ आहे. १९९० चं केंद्राचं परिपत्रक, मग राज्याचे जीआर. गावानं रोपवन राखायचं, वणवा विझवायचा. बदल्यात मजुरी आणि उत्पन्नात वाटा. निधी वनखात्याकडून, समितीचा सचिवही त्यांचाच. वाईट काही नाही, पण जीआरनं आलेलं जीआरनंच बदलतं.

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं आपलं जंगल वापरायचा, राखायचा आणि सांभाळायचा हक्क, हा २००६ च्या वनहक्क कायद्यातला. "सरकारनं जंगल दिलं" हे वाक्य मला सोसत नाही. कायदा गावाचा आधीपासूनचा हक्क मान्य करतो, देत नाही. इथली समिती ग्रामसभा निवडते, तीही आपल्याच सभासदांमधून. वनरक्षक चहाला आला तर बसवा, सचिव म्हणून नाही.

तेंदूपत्त्यात हा फरक डोळ्यांनी दिसतो. पहाटे तोडायचं, दुपारी सत्तर पानांचा पुडा बांधायचा. कष्ट दोन्हीकडे तेच. पण हक्क नसलेल्या गावात लिलाव वनखातं करतं आणि बाई पुड्यामागे मजुरी घेते. हक्क असलेल्या गावात ठेकेदार ग्रामसभेपुढे बसतो, भाव तिथं ठरतो, आणि २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे वाहतूक परवानाही ग्रामसभेच्याच समितीचा. रॉयल्टी नाही. बांबूचंही तसंच. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला, तरी बांबूच्या टीपीचं, म्हणजे वाहतूक परवान्याचं, पुस्तक हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते.

अनुदानाचा गुंता इथूनच सुरू होतो. संयुक्त समितीकडे पैसा खात्याच्या कामाबरोबर येतो. वनहक्काच्या गावात ग्रामसभा आधी आपला आराखडा करते, मग रोहयो किंवा आदिवासी विकासाचा निधी त्याला जोडून मागते. आराखडाच नसेल तर मागायचं काय? आणि संयुक्त समितीच्या निधीचा अर्ज केला म्हणजे वनहक्काचा दावा झाला असं धरून वर्षं घालवलेली गावं मी पाहिली आहेत. दाव्याचा नमुना वेगळा, 'क'. 'ब' निस्तारासारख्या, म्हणजे जंगलातून रोजच्या गरजेचं आणायच्या, हक्कांचा.

वैयक्तिक पट्टा तर तिसरीच गोष्ट: कसत असलेली जमीन, कमाल चार हेक्टर. प्रत्येक कागदाला 'पट्टा' म्हणणं सोडा.

शंका असेल तर कागद काढून खालच्या सह्या बघा. उपवनसंरक्षक, आदिवासी विकासचा अधिकारी आणि जिल्हाधिकारी, तिन्ही हव्यात. एकट्या वनपालाची असेल, तर येत्या ग्रामसभेत नमुना 'क' चा विषय घ्या.